गो-लाईव्हनंतर फोन कोण उचलतं: कन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरच्या सपोर्टचा रिव्ह्यू

प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू शोधायला गेलं की सगळे फीचर्सचेच सापडतात, गँट चार्ट कसा दिसतो, ॲप किती फास्ट आहे, डॅशबोर्ड किती छान आहे, आणि बहुतेकांनी ते ट्रायलमध्ये किंवा अगदी पहिल्या महिन्यात वापरून लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर बसलं, ट्रेनिंग झालं, इम्प्लिमेंटेशनवाली टीम निघून गेली, त्यानंतर साईटवर रोजच्या रोज ते चालवायचं कसं आणि अडलं की विचारायचं कुणाला, ह्यावर फारसं कुणी लिहीत नाही. आमच्याकडे मी प्लॅनिंग आणि बिलिंग दोन्ही बघते, त्यामुळे सपोर्टला जाणारी निम्म्याहून जास्त टिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, माझ्या हातून जातात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. हा रिव्ह्यू फक्त सपोर्टचा आहे. सॉफ्टवेअर क्लाऊडवरचं आहे, त्यात शेड्यूल, ड्रॉइंग, आरएफआय (साईटवरून विचारलेल्या लेखी शंका आणि त्यांची उत्तरं), रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट, क्वालिटी चेकलिस्ट आणि सब-कॉन्ट्रॅक्टरची बिलं एवढं सगळं येतं. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही आणि खाली लिहिलेल्या बऱ्याचशा अडचणी कुठल्याही व्हेंडरकडे थोड्याफार फरकाने येतातच.

आधी मार्क सांगते, पाचपैकी साडेतीन. टेक्निकल माणसं चांगली आहेत, काही तर खूपच चांगली आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता लांब आहे आणि साईटची घाई म्हणजे काय हे त्यांच्या सिस्टीमला कळत नाही. आता सविस्तर.

गो-लाईव्हनंतरचे, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामात चालू झाल्यानंतरचे, पहिले काही आठवडे ह्या लोकांच्या भाषेत हायपरकेअर असतात, म्हणजे इम्प्लिमेंटेशनचीच टीम सपोर्टला बसलेली असते, एक मेसेज टाकला की लगेच उत्तर, स्क्रीन शेअर, काम फत्ते. हा काळ मस्तच जातो आणि ह्याच काळात बऱ्याच कंपन्या खूश होऊन पुढच्या वर्षांचा करार सही करून टाकतात, तो तेव्हा करू नका एवढंच सांगेन. खरा सपोर्ट सुरू होतो तो ही टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली की. आमच्याकडे असं झालं की कॉस्ट कोड चार लेव्हलचे का ठेवले, सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात क्वालिटीवाल्याची सही मोजमापाच्या आधी का लागते, काही प्रोजेक्टना वेगळं कॅलेंडर का आहे, हे सगळं इम्प्लिमेंटेशनवाल्यांच्या डोक्यात होतं आणि ते डोक्यातच घेऊन गेले. हेल्पडेस्कवर जो मुलगा बसला होता त्याला आमच्या सेटअपमधलं काहीच माहीत नव्हतं, प्रत्येक टिकिटला शून्यापासून सांगायचं, त्यात एकदा त्याने मदत म्हणून एक अप्रूव्हल स्टेप "जास्तीची दिसते" असं समजून बंद केली आणि अख्ख्या पॅकेजची बिलं क्वालिटीच्या सहीशिवाय पुढे सरकायला लागली.

आपल्या धंद्यात बिल्डिंग हस्तांतर करताना ॲज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष जसं बांधलं तसं दाखवणारी) आणि मेंटेनन्स मॅन्युअल दिल्याशिवाय कुणी कॉन्ट्रॅक्टरला सोडत नाही, फिडिकच्या, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारांत तर काम ताब्यात दिल्यावरही डिफेक्ट्स नोटिफिकेशन पिरियड असतो, बहुतेक वेळा साधारण वर्षभराचा, तेवढ्या काळात जे दोष निघतील ते त्यानेच दुरुस्त करायचे. सॉफ्टवेअर विकत घेताना हेच लोक, म्हणजे आपणच, हे सगळं विसरतो. आम्ही नंतर भांडून व्हेंडरकडून कॉन्फिगरेशनचं डॉक्युमेंट लिहून घेतलं, कुठला फील्ड कशासाठी, कुठली स्टेप कुणी मागितली आणि का, आणि ते प्रत्येक टिकिटला जोडलं जाईल अशी सोय करून घेतली. त्यानंतर हेल्पडेस्कच्या उत्तरांचा दर्जा खरंच बदलला. हे त्यांनी ऐकलं, केलं आणि नंतर अपडेटही ठेवलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता एक प्रसंग जरा नीट सांगते, कारण चांगला सपोर्ट कसा असतो हे मला त्यातून कळलं. आमचं शेड्यूल बाहेरचा प्लॅनिंग कन्सल्टंट प्रिमाव्हेरा ह्या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि त्याची एक्सईआर फाईल पाठवतो, ती आम्ही ह्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो आणि साईटचा प्रोग्रेस इथे भरतो. एका महिन्यात फाईल घेतली, प्रोग्रेस भरला, रिकॅल्क्युलेट केलं आणि प्रोजेक्टची फिनिश डेट एकदम कित्येक आठवडे पुढे. कन्सल्टंटच्या फाईलमध्ये तारीख ठीक, आमच्याकडे वेगळी, आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटची रिव्ह्यू मीटिंग. टिकिट टाकलं तर पहिलं उत्तर आलं की ब्राऊझरचा कॅश क्लिअर करा आणि लॉगआऊट करून परत लॉगिन करा. केलं. तारीख तिथेच. मग दुसरं उत्तर आलं की तुमचा इंटरनेट स्पीड तपासा. इंटरनेट स्पीडने क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, बदलत नाही हो, तो गणिताने बदलतो. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी जे क्रिटिकल पाथ मेथडचं गणित बसवलं तेच आजही प्रत्येक शेड्यूलिंग सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, पुढून जाणारा हिशोब, मागून येणारा हिशोब आणि मधला फ्लोट (शेवटची तारीख न हलता काम किती लांबू शकतं ती सूट), आणि शेड्यूलच्या टिकिटांना उत्तर देणाऱ्या माणसाला ते यायलाच पाहिजे.

मग टिकिट वरच्या लेव्हलला गेलं आणि तिथल्या एका मॅडमचा थेट फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, डेटा डेट (प्रोग्रेस ज्या तारखेपर्यंतचा धरला ती) काय आहे? दुसरा, आउट-ऑफ-सिक्वेन्स प्रोग्रेस (ठरलेला क्रम सोडून झालेलं काम) किती ॲक्टिव्हिटींवर आहे? तिथेच मला बरं वाटलं. झालं असं होतं की खालच्या मजल्यांवर ब्लॉकवर्क पूर्ण व्हायच्या आतच ज्या खोल्या तयार होत्या तिथे प्लास्टर सुरू झालं होतं, साईटवर हे रोजचंच आहे, पण शेड्यूलमध्ये ब्लॉकवर्क संपल्यावर प्लास्टर असा साधा लिंक होता. कन्सल्टंट त्याच्याकडे प्रोग्रेस ओव्हरराईडवर हिशोब करत होता, म्हणजे प्लास्टर एकदा सुरू झालं की तो लिंक सोडून द्यायचा आणि उरलेलं प्लास्टर डेटा डेटपासून चालू ठेवायचं. आमच्या सिस्टीमचं डिफॉल्ट होतं रिटेन्ड लॉजिक, त्यात प्लास्टर सुरू झालेलं असलं तरी उरलेलं प्लास्टर हे उरलेलं ब्लॉकवर्क संपेपर्यंत थांबतं. असं प्रत्येक मजल्यावर, त्यामुळे शेवटची तारीख तेवढी सरकली. मॅडमनी दोन्ही पद्धतीने हिशोब चालवून दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी लावून पाठवले, कुठल्या ॲक्टिव्हिटीपासून फरक सुरू होतो ते पिवळं करून, आणि वर हेही सांगितलं की नुसतं सेटिंग बदलून तारीख हवी तशी आणू नका, लिंकच चुकीचा आहे, मजल्याचे झोन पाडा आणि झोनप्रमाणे ब्लॉकवर्क-प्लास्टर जोडा, मग दोन्ही सेटिंगवर उत्तर जवळपास सारखं येईल. तसंच आलं. क्लायंटच्या मीटिंगमध्ये आम्ही ती दोन पानं दाखवली आणि तारखेवरचा वाद तिथेच मिटला.

ह्याला मी सपोर्ट म्हणते. सॉफ्टवेअर बरोबरच चाललं होतं, बग कुठे नव्हताच, बटणं सगळी चालू होती. तरी आमचं काम अडलं होतं आणि ते सोडवायला शेड्यूलिंग आणि साईट दोन्ही कळणारं माणूस लागलं. अशी माणसं त्यांच्याकडे आहेत, पण थोडी आहेत आणि त्यांच्याआधी कॅश क्लिअर करायला सांगणारी एक भिंत आहे. ती भिंत ओलांडायला प्रत्येक वेळी तेवढाच वेळ जातो. पुढे आम्ही असं ठरवून घेतलं की शेड्यूलच्या टिकिटात डेटा डेट, शेड्यूलिंग ऑप्शनचा स्क्रीनशॉट आणि ज्या ॲक्टिव्हिटीवर शंका आहे तिचा आयडी आम्ही सुरुवातीलाच द्यायचा आणि त्यांनी ते टिकिट थेट वर पाठवायचं. ही युक्ती कुठल्याही व्हेंडरकडे चालेल, करून बघा.

असंच एकदा एक्सईआर फाईल घेतानाच सिस्टीम अडकायची. फाईल अवाढव्य झाली होती, प्रोजेक्ट तेवढा मोठा नसताना. प्रिमाव्हेरा वापरणाऱ्यांना हे जुनं दुखणं माहीत असेल, पीओबीएस नावाच्या टेबलात कामाचा नसलेला डेटा साचत जातो आणि एका फाईलमधून दुसऱ्या डेटाबेसमध्ये पसरतो. ह्यावेळी पहिल्याच उत्तरात त्यांनी ते ओळखलं आणि कन्सल्टंटने काय करायचं ते लिहून पाठवलं. म्हणजे शिकतायत लोक.

आता सगळ्यात मोठी तक्रार, टिकिटाची सिव्हिरिटी, म्हणजे अडचण किती गंभीर धरायची. करारात लिहिलेलं असतं की पी-वन म्हणजे सिस्टीम बंद, पी-टू म्हणजे महत्त्वाचं मोड्यूल बंद, आणि एखाद्याच युजरला अडचण असेल तर पी-थ्री, उत्तर पुढच्या वर्किंग डेला. कागदावर शहाणपणाचं वाटतं. साईटवर काय होतं ते सांगते. स्लॅबचं काँक्रीट ओतायचं, सळई तपासून झाली, शटरिंग तपासून झालं, पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीवर, क्वालिटी इंजिनिअरची शेवटची सही ॲपमधून व्हायची आणि नेमकं त्याच्याच मोबाईलवर अप्रूव्हचं बटण दिसेना. ट्रान्झिट मिक्सर गेटवर उभे, काँक्रीट मिक्स झाल्यापासून साधारण दीड-दोन तासांत ओतून मोकळं व्हावं लागतं, ऊन असेल तर त्याहून लवकर, आणि हेल्पडेस्कच्या लेखी हे काय तर एका युजरची अडचण, पी-थ्री. फोन केला तर ऐकायला मिळालं की टिकिट क्यूमध्ये आहे. शेवटी कागदी पोअर कार्ड काढलं, सह्या घेतल्या आणि ओतलं. नंतर कळलं की ॲपच्या नवीन व्हर्जनमध्ये त्या रोलची परमिशन गळाली होती, दुरुस्तीला त्यांना फार वेळ लागला नाही, पण ती दुसऱ्या दिवशी झाली.

अडचण किती युजरना आहे ह्यावर सिव्हिरिटी ठरवणं ऑफिसच्या सॉफ्टवेअरला ठीक असेल, बांधकामात एका माणसाच्या एका सहीवर पन्नास माणसांचा दिवस अडकलेला असतो. त्यामुळे करारातच लिहून घ्यायला हवं की पोअर कार्ड, वर्क परमिट, सेफ्टीचं क्लिअरन्स असल्या ज्या सह्यांशिवाय काम सुरूच होत नाही त्या अडल्या तर एक युजर असो की शंभर, ते वरच्याच सिव्हिरिटीत. आम्ही हे मांडलं तेव्हा सुरुवातीला त्यांना पटेना, त्यांच्या स्टँडर्ड टेम्प्लेटमध्ये बसत नाही म्हणाले. मग साईटवरचा तो प्रसंग वेळेसकट लिहून दिला, मिक्सर किती वाजता आले, टिकिट किती वाजता टाकलं, उत्तर किती वाजता आलं, तेव्हा कुठे "साईट स्टॉपेज" म्हणून वेगळी कॅटेगरी उघडून दिली.

आणि रिस्पॉन्स टाईम आणि रिझोल्यूशन टाईम ह्यात गल्लत करू नका. "आम्ही अर्ध्या तासात रिस्पॉन्ड करतो" म्हणजे अर्ध्या तासात "तुमचं टिकिट मिळालं" असा ऑटोमॅटिक मेल येतो. दुरुस्ती कधी, हे वेगळं विचारावं लागतं. तसंच अपटाईमचं, ९९.९ टक्के ऐकायला भारी वाटतं आणि खरंच चांगलं आहे, महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद राहायची मुभा त्यात येते. ९९.५ म्हटलं की तीच मुभा महिन्याला साडेतीन तासांवर जाते. त्यातही ठरवून केलेला मेंटेनन्स मोजत नाहीत. आमच्या व्हेंडरची मेंटेनन्स विंडो नेमकी महिनाअखेरीला यायची, म्हणजे सगळ्या साईटची मोजमापं चढवायची आणि बिलं पुढे पाठवायची गर्दी असते तेव्हाच. हे बदलायला बरेच मेल लागले पण बदललं, आता महिन्याच्या मधल्या आठवड्यात घेतात.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे ऑफलाईन मोड लागतोच. दोन इंजिनिअरनी एकच चेकलिस्ट ऑफलाईन भरली आणि वर येऊन सिंक केली तर ज्याची शेवटी सिंक झाली त्याचीच राहते, आधीच्याची गायब, काही वॉर्निंगही नाही. ह्यावर सपोर्टचं उत्तर होतं की हे असंच डिझाईन केलंय. मला हे उत्तर अजिबात मान्य नाही. क्वालिटीचं रेकॉर्ड गायब होणं हा दोषच आहे, डिझाईन केलेला असला तरी. निदान आधीची कॉपी कुठेतरी ठेवा आणि कॉन्फ्लिक्ट दाखवा. ही मागणी त्यांच्या रोडमॅपवर आहे असं अजून सांगतात. उलट फोटोंच्या बाबतीत चांगला अनुभव आला. आयफोनवरून काढलेले काही फोटो रिपोर्टमध्ये उमटत नव्हते, कारण २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून नवीन आयफोन फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये साठवतात आणि ह्यांचा रिपोर्ट फक्त जेपेग ओळखायचा. तेव्हा त्यांनी आधी फोनचं सेटिंग कसं बदलायचं ते सांगितलं, लगेचचा उपाय म्हणून, आणि पुढच्याच ॲप अपडेटमध्ये फोटो आपोआप बदलून घ्यायची सोय केली आणि टिकिट टाकणाऱ्या साईट इंजिनिअरला स्वतःहून कळवलं. असं कळवलं की माणूस पुढच्या वेळी टिकिट टाकतो, नाहीतर तो सरळ व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला लागतो.

अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरशी जोडणी हा तर स्वतंत्र विषय आहे. सब-कॉन्ट्रॅक्टरचं बिल इथे अप्रूव्ह झालं की तिकडे आपोआप जातं, पण अधूनमधून एकच बिल दोनदा जायचं. अकाउंट्सवाल्यांनी पेमेंटच्या आधी पकडलं म्हणून बरं. ह्यांना विचारलं तर म्हणायचे आमच्याकडून एकदाच गेलंय, तिकडच्यांना विचारलं तर म्हणायचे आमच्याकडे दोनदा आलंय, आणि दोघंही आपापल्या जागी टिकिट बंद करून मोकळे. हे सुटलं ते एकाच पद्धतीने, दोन्हीकडच्या माणसांना एका कॉलवर बसवलं, दोघांचे लॉग उघडायला लावले आणि एकेका बिलाची वेळ सेकंदापर्यंत जुळवली. मग दिसलं की तिकडची सिस्टीम बिल घ्यायची पण "मिळालं" हे सांगायला उशीर लावायची, इकडची सिस्टीम टाईमआऊट झालं असं समजून तेच बिल पुन्हा पाठवायची. प्रत्येक बिलाला एक युनिक रेफरन्स लावला आणि तोच रेफरन्स दुसऱ्यांदा आला तर नाकारायचा, एवढंच करायचं होतं. करायला थोडंसं, पण कुणीच आपलं म्हणून हातात घेत नव्हतं. सपोर्टच्या करारात इंटिग्रेशनचं दुखणं कुणाचं हे नाव घालून लिहा.

टिकिट बंद करण्याची त्यांची पद्धत मला खटकते. आपल्याकडून काही दिवस उत्तर नाही गेलं की टिकिट आपोआप क्लोज. साईट इंजिनिअर दिवसभर साईटवर असतो, त्याला पोर्टल उघडून "हो अजून अडचण आहे" असं लिहायला वेळ कुठून मिळणार, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये हीच टिकिटं "सोडवलेली" म्हणून मोजली जातात. आयटी सर्व्हिसच्या जगात इन्सिडंट आणि प्रॉब्लेम असे दोन वेगळे कप्पे आहेत, १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एजन्सीने जे आयटिल (आयटी सर्व्हिस कशी चालवायची ह्याची मार्गदर्शिका) बनवायला घेतलं त्यातून हा विचार सगळीकडे पसरला, इन्सिडंट म्हणजे आत्ता अडलंय ते चालू करून द्या आणि प्रॉब्लेम म्हणजे ते पुन्हा पुन्हा का अडतंय त्याचं मूळ शोधा. आमचा व्हेंडर पहिल्यात बरा आहे, दुसऱ्यात कच्चा. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मोबाईलवर दिसत राहते ही तक्रार वेगवेगळ्या साईटवरून सारखी यायची आणि प्रत्येक वेळी "ॲप परत इन्स्टॉल करा" म्हणून बंद व्हायची. जुन्या ड्रॉइंगवर काम झालं तर भिंत तोडावी लागते, कोअर कट मारावे लागतात, हे काही किरकोळ नाही. मी सगळी टिकिटं एका शीटमध्ये एकत्र करून पाठवली तेव्हा त्यांनी मूळ शोधलं, ऑफलाईनसाठी उतरवलेली ड्रॉइंग नवी रिव्हिजन आली तरी आपोआप बदलत नव्हती. आता नवी रिव्हिजन आली की जुन्यावर लाल पट्टी येते. पण ती शीट बनवायचं काम त्यांचं होतं.

अपडेट्सबद्दल थोडक्यात. क्लाऊडवर असल्यामुळे नको म्हणायची सोय नसते, पण टेस्ट करायला सँडबॉक्स मिळतो आणि रिलीज नोट्स आधी येतात, हे छान आहे. ट्रेनिंगचे व्हिडिओ मात्र जुन्या स्क्रीनचे, नवीन माणसाला बटण सापडत नाही. सिक्युरिटीबद्दल कुठल्याही व्हेंडरला एक प्रश्न नक्की विचारा, डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भोक सापडल्याची भानगड निघाली तेव्हा तुम्ही काय केलंत, ग्राहकांना कधी कळवलंत? ज्याच्याकडे नीट काम झालं होतं तो तारखांसकट सांगतो. आमच्यावाल्यांनी तेव्हाचे ग्राहकांना पाठवलेले मेल दाखवले, आवडलं मला.

आणि प्रॉडक्टच्या आयुष्याचंही विचारा. प्रिमाव्हेरा २००८ मध्ये ओरॅकलने घेतली, पुढे बांधकामाची कागदपत्रं सांभाळणारी अकोनेक्सही ओरॅकलकडे गेली, मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाईन ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करणार असं जाहीर केलंय. मोठमोठ्या प्रॉडक्टचे मालक बदलतात, काही प्रॉडक्ट बंद होतात, आणि आपले प्रोजेक्ट त्याहून जास्त वर्षं चालतात, त्यानंतर दोष आणि क्लेमच्या भानगडी असतात त्या वेगळ्याच, तोवर रेकॉर्ड हाताशी लागतं. म्हणून आम्ही सपोर्टला एक टेस्ट टिकिट टाकलं, एका संपलेल्या प्रोजेक्टचा सगळा डेटा बाहेर काढून द्या. शेड्यूल एक्सईआर आणि एक्सएमएलमध्ये आलं, बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल आयएफसी फॉरमॅटमध्ये आलं, तो खुला स्टँडर्ड आहे, आयएसओ १६७३९, त्यामुळे दुसरीकडे उघडतं, ड्रॉइंग सगळ्या रिव्हिजनसकट पीडीएफमध्ये. सगळं नीट. फक्त आरएफआयवर झालेली चर्चा, कुणी काय विचारलं आणि कुणी कधी उत्तर दिलं, ती आलीच नाही, नुसतं शेवटचं उत्तर आलं. क्लेममध्ये तर नेमकी ती चर्चाच लागते. लावून धरल्यावर त्यांनी ती वेगळी काढून दिली, पण स्टँडर्ड एक्स्पोर्टमध्ये अजून नाही.

ह्या सगळ्यात आमच्या बाजूने काय लागतं तेही लिहिते, कारण सपोर्ट एकट्या व्हेंडरच्या जिवावर चालत नाही. साईटवरची माणसं सारखी बदलतात, नवीन सब-कॉन्ट्रॅक्टर येतो, त्याचा सुपरवायझर येतो, ट्रेनिंग एकदा गो-लाईव्हला झालं ते झालं. प्रत्येक साईटवर एक की-युजर, म्हणजे बाकीच्यांना शिकवणारा माहितगार माणूस, नेमा आणि त्याला त्या कामाचा वेळ द्या, नुसतं नाव लावू नका. आमच्या एका साईटवर एका तरुण इंजिनिअर मुलीने हे काम इतकं मनापासून उचललं की फोरमन लोक सुद्धा प्रोग्रेस स्वतः मोबाईलवर भरतात, तिने त्यांना त्यांच्या बोलीत, त्यांच्याच कामाची उदाहरणं देऊन शिकवलं आणि पहिले काही दिवस संध्याकाळी शेजारी बसून भरून घेतलं. दुसऱ्या साईटवर सॉफ्टवेअर तेच, सपोर्ट तोच, पण असं कुणी नाही, तर तिथे सगळं परत एक्सेलवर गेलंय आणि आठवड्याच्या शेवटी एक जण बसून सगळा प्रोग्रेस अंदाजाने चढवतो. व्हेंडर सगळ्या की-युजरबरोबर दर महिन्याला एक कॉल घेतो, त्यात ती मुलगी प्रश्न विचारते आणि इतर साईटवाले ऐकतात. पूर्ण सपोर्टमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटते, आणि गंमत म्हणजे करारात ती नव्हतीच, त्यांच्या अकाउंट मॅनेजरने स्वतःहून सुरू केली.

रिन्यूअल करतोय का? करतोय, पण जुन्याच करारावर सही करणार नाही. साईट स्टॉपेजची कॅटेगरी आता लेखी आलीय, टिकिट टाकणाऱ्याने होकार दिल्याशिवाय क्लोज करायचं नाही हेही मान्य झालंय, महिन्याचा कॉल करारात घातलाय. आरएफआयची चर्चा एक्स्पोर्टमध्ये देणं आणि ऑफलाईन सिंकचा कॉन्फ्लिक्ट दाखवणं ह्या दोन गोष्टींना त्यांनी तारीख दिलेली नाही, त्यामुळे पूर्ण काळाऐवजी सध्या एकाच वर्षाचं रिन्यूअल द्यायचं असं आम्ही सांगितलंय आणि त्यावर बोलणं चालू आहे.